अणूच्या प्रतिकृतींचा इतिहास : शब्द, चित्र आणि प्रमाण

१. प्रश्नाचे स्वरूप

विज्ञानाच्या क्रमिक पुस्तकांत अणूच्या रचनेचा इतिहास बहुधा चार चित्रांत आटोपला जातो. प्रथम डाल्टनचा भरीव गोळा, मग थॉमसनचे मनुका पेरलेले पुडिंग, त्यानंतर रदरफोर्डची सूर्यमाला आणि अखेरीस बोरच्या वर्तुळाकार कक्षा. प्रत्येक चित्र आपल्या आधीच्या चित्रास खोटे ठरवून त्याची जागा घेते व विद्यार्थी पायरीपायरीने सत्याच्या जवळ जातो, असा ह्या मांडणीचा रोख असतो. स्थूलमानाने हा अनुक्रम चुकीचा नाही. परंतु मूळ निबंध उघडून पाहिले असता काही गोष्टी चमत्कारिक वाटू लागतात. थॉमसनच्या १९०४ च्या निबंधात पुडिंगाचा उल्लेख नाही. रदरफोर्डच्या १९११ च्या निबंधातील गणितात केंद्राभोवती फिरणारे ग्रह नाहीत. इतकेच नव्हे, तर ‘न्यूक्लियस’ हा शब्ददेखील त्यात नाही. डाल्टनचा अणूही केवळ भरीव गोळा नव्हता. त्याच्याभोवती उष्णतेचे एक वेष्टन असते असे डाल्टन मानीत असे.

मग ही चित्रे आली कोठून, आणि ती इतकी दृढमूल कशी झाली? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना असे दिसून येते की अणूची प्रत्येक प्रतिकृती ही तिच्या काळी विचारल्या गेलेल्या एका विशिष्ट प्रश्नाचे मर्यादित उत्तर होती. तो प्रश्न कालांतराने विस्मृतीत गेला आणि उत्तरास चिकटलेला शब्द वा चित्र तेवढे मागे राहिले. हे शब्द आणि त्यांच्यामागील प्रश्न ह्यांची पुन्हा जोडणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. अविभाज्यतेची दोन तत्त्वज्ञाने

‘ॲटम’ ह्या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘जे कापता येत नाही ते’ असा आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात ल्युसिपस व डेमॉक्रिटस ह्यांनी हा शब्द तत्त्वज्ञानात रुजविला. त्यांच्यापुढील प्रश्न रसायनाचा नव्हता; तो सत्ता आणि परिवर्तन ह्यांच्या विरोधाचा होता. जे खरोखर आहे ते नष्ट होत नाही असे मानले, तर जगात नित्य दिसणाऱ्या बदलाचा उलगडा कसा करावयाचा? न बदलणारे कण आणि त्यांना हालचालीस मोकळीक देणारी पोकळी, असे उत्तर त्यांनी दिले. त्यांच्या मते अणूंत भेद असतो तो आकृती, क्रम व स्थिती ह्यांचा. रंग, रुची इत्यादी गुण मूळ अणूंचे नव्हेत.

वैशेषिक दर्शनातील विचार ह्याहून निराळ्या वाटेने गेला. ‘अणु’ हा शब्द तेथे मुळात परिमाणाचा वाचक आहे. महत्, अणु, दीर्घ व ह्रस्व असे परिमाणाचे चार प्रकार वैशेषिक मानतात. ‘परमाणु’ म्हणजे ज्याहून लहान काही संभवत नाही असे द्रव्य. पृथ्वी, आप, तेज व वायू ह्यांचे परमाणू स्वतंत्र असून गंधादी विशेष गुण त्यांच्या ठायी असतात. दोन परमाणूंचे द्व्यणुक व तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते. झरोक्यातून येणाऱ्या उन्हात जो धूलिकण तरंगताना दिसतो, तो ह्या मापनाचा दृश्य आरंभबिंदू होय. ह्या उपपत्तीवर आक्षेपही तितक्याच बारकाईने घेतले गेले. परमाणू एकाच वेळी सहा दिशांनी सहा परमाणूंशी संयोग पावत असेल, तर त्यास सहा बाजू, म्हणजेच सहा अवयव, मानावे लागतील व तो निरवयव राहणार नाही, असा वसुबंधूचा युक्तिवाद आहे. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात परमाणुकारणवादाचे खंडन केले आहे.

ह्या दोन्ही परंपरांचा अभिमानाने उल्लेख करून त्यांत आधुनिक विज्ञान शोधण्याचा मोह अनेकांस होतो. तो टाळणे इष्ट होय. दोहोंच्या ठिकाणी मापनाचा प्रश्नच उद्भवला नव्हता. मात्र त्यांनी पुढील काळास शब्द पुरविले, आणि त्या शब्दांतील ‘अविभाज्यता’ हा अर्थ पुढे दीर्घकाळ अडचणीचा ठरला.

३. वजनाचा अणू आणि कार्ल्सरूहे येथील परिषद

जॉन डाल्टनने १८०३ मध्ये आपल्या टिपणवहीत अणूंच्या सापेक्ष वजनांची पहिली सारणी लिहिली आणि १८०८ मध्ये रासायनिक तत्त्वज्ञानावरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. त्याचा प्रश्न निश्चित स्वरूपाचा होता. कार्बन व ऑक्सिजन ह्यांची दोन वायुरूप संयुगे होतात. कार्बनचे वजन समान धरल्यास दोहोंतील ऑक्सिजनच्या वजनांचे प्रमाण १ : २ असे पूर्णांकी येते. असे का व्हावे? प्रत्येक मूलद्रव्याचे अणू ठराविक वजनाचे असून ते अखंड संख्येनेच एकत्र येतात असे मानल्यास ह्याचा उलगडा होतो. अणूच्या अंतरंगाविषयी डाल्टनला काही सांगावयाचे नव्हते व सांगण्याची गरजही नव्हती. वर्तुळाकार चिन्हे ही त्याच्या हिशेबाची साधने होती.

ह्या हिशेबात एक उणीव होती. पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन ह्यांचा एकेकच अणू असतो असे डाल्टनने सोपेपणासाठी गृहीत धरले. त्यामुळे, आणि तत्कालीन पृथक्करणाच्या स्थूलतेमुळे, १८०८ मध्ये त्याच्या सारणीत ऑक्सिजनचे वजन ७ आले. ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये समान आकारमानाच्या वायूंत कणांची संख्या समान असते हे गृहीतक मांडून ह्यातून मार्ग दाखविला. परंतु त्याने ‘ॲटम’ हा शब्द न वापरता ‘मॉलिक्यूल’ हाच शब्द निरनिराळी विशेषणे जोडून दोन्ही प्रकारच्या कणांस लावला. विचार स्पष्ट होता, पण परिभाषा संदिग्ध होती. त्याच्या गृहीतकाची जवळजवळ अर्धशतक उपेक्षा झाली, तिच्या अनेक कारणांत हेही एक मानावे लागेल.

१८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञांची जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे मुख्य कार्य अणू, रेणू व तुल्यभार ह्या संज्ञांचे अर्थ निश्चित करणे हे होते. शास्त्रज्ञांनी नवा प्रयोग पाहण्यासाठी नव्हे, तर शब्दांचे अर्थ ठरविण्यासाठी देशोदेशींहून एकत्र यावे ही घटना लक्षणीय आहे. कानिझारोने ॲव्होगाड्रोचे गृहीतक तेथे पुन्हा मांडले व परिषदेच्या अखेरीस त्याची पुस्तिका वाटण्यात आली. उपस्थितांत मेंडेलीव्ह व लोथर मायर हे दोघेही होते. सुसंगत अणुभार हाती आल्यावरच १८६९ ची आवर्तसारणी शक्य झाली.

भारतीय भाषांत ह्याच संज्ञांची निराळी वाटणी झाली आहे. हिंदीत व बंगालीत ‘ॲटम’साठी ‘परमाणु’ व ‘मॉलिक्यूल’साठी ‘अणु’ हे शब्द रूढ आहेत. मराठीत मात्र ‘अणू’ व ‘रेणू’ अशी जोडी आहे. ‘अणुरेणू’ हा शब्दप्रयोग संतवाङ्मयामुळे मराठीस आधीच परिचित होता. परिणामी तुर्भे येथील एकच संस्था, १९६७ मध्ये भाभांचे नाव धारण केल्यापासून, हिंदीत ‘परमाणु’ अनुसंधान केंद्र व मराठीत ‘अणु’संशोधन केंद्र म्हणविली जाते. ह्या दोन्ही भाषांतील विज्ञानाची पुस्तके शेजारी ठेवून वाचणाऱ्यास ‘अणू’ हा शब्द फसवा ठरतो. कार्ल्सरूहेत जो प्रश्न सुटला तो भाषांतराच्या क्षेत्रात पुन्हा उभा राहतो, तो असा.

४. स्थैर्याचा प्रश्न : थॉमसन व नागाओका

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओस्टवाल्ड व माख ह्यांच्यासारखे विचारवंत अणूचे अस्तित्वच मान्य करीत नव्हते. आइन्स्टाइनची ब्राउनीय गतीची १९०५ मधील उपपत्ती व पेरँची त्यानंतरची मापने ह्यांनी हा वाद मिटविला. आश्चर्य असे की अणू सर्वमान्य होण्यापूर्वीच तो फुटला होता. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसनने ऋणाग्र किरणांतील कण हायड्रोजनच्या अणूहून सुमारे सहस्रपटीने हलके असल्याचे दाखविले. आजच्या मापनानुसार हे प्रमाण सुमारे १/१८३६ आहे. थॉमसन त्यांना ‘कॉर्पसल’ म्हणे. ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द स्टोनीने १८९१ मध्ये विद्युतभाराच्या एककासाठी योजला होता. तो पुढे ह्या कणास लागला. येथेही शब्द आधी होता व वस्तू मागाहून त्यात येऊन बसली.

इतके ऋण कण ज्यात आहेत तो अणू स्थिर कसा राहतो, हा थॉमसनचा प्रश्न होता. धन विद्युत एकसारखी पसरलेल्या गोलाच्या आत हे कण वलयांत फिरत असले, तर विशिष्ट संख्यांच्याच रचना स्थिर ठरतात असे त्याने १९०४ मध्ये गणिताने दाखविले. पाण्यावर तरंगणाऱ्या चुंबकीय सुया ठराविक वलयांत मांडल्या जातात, ह्या मेयरच्या प्रयोगाचा त्यास आधार होता. कणांची संख्या वाढत गेली की वलयरचना काही अंतराने पुनरावृत्त होते. म्हणून मूलद्रव्यांच्या गुणांतील आवर्तनाचे बीज त्याला येथे दिसले. पुडिंगात मनुका स्थिर असतात; थॉमसनचे कण गतिमान होते. म्हणजे लोकप्रिय उपमेने त्याच्या प्रतिकृतीतील मुख्य गोष्टच वगळली. भारतीय पाठ्यपुस्तकांनी पुडिंगाऐवजी कलिंगड आणले, तेव्हा उपमा परिचयाची झाली, पण तिच्यातील उणीव तशीच राहिली.

त्याच वर्षी जपानमध्ये नागाओकाने शनीच्या कड्यांच्या धर्तीवर अणू कल्पिला : मध्ये मोठा धन भार व सभोवती इलेक्ट्रॉनांचे वलय. शनीच्या कड्यांच्या स्थैर्याविषयीचे मॅक्सवेलचे गणित त्याच्यासमोर होते. परंतु कड्यांतील कण एकमेकांस आकर्षितात, इलेक्ट्रॉन एकमेकांस दूर लोटतात. त्यामुळे हे वलय टिकणार नाही असा आक्षेप आला. आज नागाओकाचे चित्र थॉमसनच्या चित्राहून ‘अधिक खरे’ वाटते. तथापि १९०४ च्या प्रश्नाचे उत्तर म्हणून थॉमसनची प्रतिकृती अधिक समर्थ होती, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

५. रदरफोर्डने काय सांगितले व काय सांगितले नाही

१९०९ मध्ये मँचेस्टर येथे गायगर व मार्सडेन ह्यांना असे आढळले की धातूच्या पत्र्यावर सोडलेल्या अल्फा कणांपैकी काही अगदी थोडे कण उलट फिरून येतात; प्लॅटिनमच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ८,००० मध्ये १ होते. थॉमसनच्या अणूत अशी फेक अनेक लहान लहान विचलनांची बेरीज म्हणूनच संभवते आणि तिची संभाव्यता नगण्य येते. रदरफोर्डने १९११ मध्ये दाखविले की एकाच टकरीत एवढे विचलन व्हावयाचे, तर अणूचा एक भार अतिसूक्ष्म जागेत एकवटलेला असला पाहिजे. ही जागा अणूच्या व्यासाच्या दहा सहस्रांशाहूनही लहान ठरते.

ह्या निबंधातील संयम विशेष पाहण्यासारखा आहे. मध्यवर्ती भार धन की ऋण ह्याचा निर्णय त्यात केलेला नाही, कारण विचलनाचे गणित दोन्ही बाजूंनी सारखेच येते. उरलेला विरुद्ध भार त्याने गणितापुरता एका गोलात समप्रमाणात पसरलेला धरला. म्हणजे मध्यबिंदू वगळला, तर बाकीच्या अणूच्या बाबतीत त्याने थॉमसनचीच सोय स्वीकारली. अशा अणूचे स्थैर्य हा प्रश्न त्या टप्प्यावर विचारात घेण्याचे कारण नाही, असेही त्याने स्पष्ट केले. ‘न्यूक्लियस’ ही संज्ञा ह्यानंतर रूढ झाली. लॅटिनमध्ये तिचा अर्थ फळातील गर वा बी असा आहे. मराठीतील ‘केंद्रक’ हा शब्द भूमितीतून घडविलेला आहे. पहिल्यात काहीतरी दडलेले असल्याची सूचना आहे, दुसऱ्यात केवळ स्थान आहे. १९११ च्या निबंधाच्या आशयाशी मराठी शब्दच अधिक जुळतो, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

१९१३ मध्ये व्हान डेन ब्रुकने केंद्रकाचा भार व आवर्तसारणीतील क्रमांक एकच असल्याचे सुचविले आणि मोस्लेने क्ष-किरणांच्या वर्णपटावरून १९१३-१४ मध्ये त्याचा प्रत्यय दिला. कोबाल्ट व निकेल ह्यांचा क्रम अणुभारानुसार उलटा का येतो, ह्या जुन्या कोड्याचे उत्तर मिळाले. अणूची ओळख वजनावरून न ठरता क्रमांकावरून ठरू लागली. मोस्ले १९१५ च्या ऑगस्टमध्ये गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला. त्याचे वय तेव्हा केवळ २७ वर्षांचे होते.

६. बोरच्या कक्षा व लुइसचा घन

केंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन अभिजात विद्युत्शास्त्रानुसार सतत ऊर्जा बाहेर टाकील व सेकंदाच्या अब्जांशाहूनही अल्प काळात केंद्रात कोसळेल. नील्स बोरने १९१३ च्या तीन निबंधांत हा विरोध सोडविला नाही. त्याने तो गृहीतकाच्या पातळीवर नेला. काही ठराविक स्थितींत इलेक्ट्रॉन ऊर्जा टाकीत नाही आणि एका स्थितीतून दुसरीत जाताना दोन ऊर्जांच्या फरकाएवढाच प्रकाश बाहेर पडतो, एवढे मान्य केल्यास बामरचे १८८५ चे हायड्रोजन वर्णपटाचे सूत्र निष्पन्न होते. त्यातील स्थिरांकही ज्ञात राशींवरून काढता येतो. आपण कोणत्या स्थितीत जाऊन थांबावयाचे हे इलेक्ट्रॉनला आधी कसे कळते, अशी शंका रदरफोर्डने हस्तलिखित वाचताच विचारली. त्या शंकेस बोरकडे उत्तर नव्हते.

असे असता ही उपपत्ती मान्य का झाली? ह्याचे उत्तर एका दशांश अपूर्णांकात आहे. ताऱ्यांच्या प्रकाशात आढळलेल्या काही रेषा हायड्रोजनच्या मानल्या जात. बोरने त्या एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हीलियमच्या ठरविल्या. फाउलरने आक्षेप घेतला की ह्या उपपत्तीप्रमाणे दोन स्थिरांकांचे गुणोत्तर नेमके ४ यावयास हवे, पण मापनात ते ४.००१६ येते. केंद्रकही किंचित हलते हे हिशेबात घेऊन बोरने ४.००१६३ ही संख्या काढून दिली. चित्राच्या आकर्षकतेने नव्हे, तर अशा मेळाने विरोधकांचे मन वळले. १९१४ मध्ये फ्रांक व हर्ट्‌झ ह्यांना पाऱ्याच्या वाफेत ४.९ व्होल्टवर जी ऊर्जापातळी आढळली, तीही बोरच्या बाजूने गेली; मात्र त्या दोघांनी प्रारंभी आपल्या निष्कर्षाचा अर्थ निराळाच लावला होता.

रसायनशास्त्रज्ञांस ह्या फिरत्या अणूचा फारसा उपयोग नव्हता. रेणूंस निश्चित आकार का असतो, हा त्यांचा प्रश्न होता. जी. एन. लुइसने १९१६ मध्ये घनाच्या आठ कोपऱ्यांवर स्थिर इलेक्ट्रॉन मांडले आणि दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेणे म्हणजे बंध, अशी कल्पना मांडली. लँगम्यूरने १९१९ पासून तिचा विस्तार केला. क्रमिक इतिहासात ह्या घनाकार अणूस स्थान मिळत नाही, कारण तो चार चित्रांच्या शिडीत बसत नाही. परंतु इलेक्ट्रॉनांच्या जोड्या ठिपक्यांनी दाखविण्याची लुइसची पद्धत आजही प्रत्येक महाविद्यालयात शिकविली जाते. घन गेला, ठिपके राहिले.

७. कक्षेचा त्याग

झोमरफेल्डने १९१६ मध्ये लंबवर्तुळाकार कक्षा आणून बोरची उपपत्ती अधिक सूक्ष्म केली. पण दोनच इलेक्ट्रॉन असलेल्या हीलियमपुढे ती निष्प्रभ ठरली. १९२५ मध्ये हायझेनबर्गने जी कक्षा पाहता येत नाही तिचा विचारच सोडून केवळ मापनीय राशींत गणित उभारले. १९२६ मध्ये श्रोडिंगरने तरंगसमीकरण दिले व बॉर्नने त्या तरंगाचा अर्थ संभाव्यता असा लावला. इलेक्ट्रॉन कोठे आहे ह्याऐवजी तो कोठे आढळण्याचा संभव किती, हा प्रश्न आला. १९३२ मध्ये मलिकनने ‘कक्षेसंबंधी’ ह्या अर्थाच्या इंग्रजी विशेषणाचेच नाम करून ‘ऑर्बिटल’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत तिला ‘कक्षक’ म्हणतात. कक्षा नाहीशी झाल्यावर तिच्याच धातूतून नवा शब्द निघावा, ह्यात भाषेची परंपराप्रियता दिसते. विद्यार्थ्याच्या मनात मात्र ह्या साधर्म्यामुळे जुनी कक्षा पुन्हा शिरते.

केंद्रकाची कथा हाच क्रम पुन्हा दाखविते. १९३२ मध्ये चॅडविकने न्यूट्रॉन शोधून काढीपर्यंत नायट्रोजनच्या केंद्रकात १४ प्रोटॉन व ७ इलेक्ट्रॉन आहेत असे मानले जाई. परंतु ही विषम संख्या वर्णपटाशी जुळत नव्हती. न्यूट्रॉनमुळे ती अडचण सरली. त्यानंतर केंद्रकाच्या दोन प्रतिकृती पुढे आल्या. त्यास द्रवाचा थेंब मानून बोर व व्हीलर ह्यांनी १९३९ मध्ये विखंडनाची उपपत्ती दिली. तर १९४९ मध्ये मारिया गोपर्ट मेयर व येन्सेन ह्यांनी केंद्रकात कवचे कल्पून २, ८, २०, २८, ५०, ८२ व १२६ ह्या संख्यांचे विशेष स्थैर्य स्पष्ट केले. थेंबात कण एकमेकांस खेटून असतात, कवचांत ते जवळजवळ स्वतंत्रपणे वावरतात. चित्रे म्हणून ही दोन्ही परस्परविरुद्ध आहेत. तरीही दोहोंचा उपयोग आजही केला जातो, कारण त्यांचे प्रश्न निराळे आहेत.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की अणूच्या प्रतिकृती एका सरळ रेषेत येत नाहीत. डाल्टनचा प्रश्न वजनाचा, थॉमसनचा स्थैर्याचा, रदरफोर्डचा विचलनाचा, बोरचा वर्णपटाचा व लुइसचा बंधाचा होता. संयुगाचे सूत्र मांडताना आजही डाल्टनचा अणू पुरेसा होतो. तो खोटा ठरला नसून त्याचे क्षेत्र निश्चित झाले आहे. दुसरा असा की प्रतिकृतीस मान्यता मिळाली ती बहुधा तिच्या चित्रामुळे नव्हे, तर तिने दिलेल्या संख्येमुळे. चित्राचे सामर्थ्य प्रसाराच्या काळी दिसून आले. तिसरा निष्कर्ष शब्दांसंबंधी आहे. ‘अविभाज्य’ विभागला गेला, कक्षेतून कक्षक निघाला, तरी नावे टिकून राहिली. शब्दाची व्युत्पत्ती हे वस्तूचे लक्षण नव्हे, ही भाषाशास्त्रातील प्राथमिक गोष्ट विज्ञानाच्या अध्यापनातही तितकीच आवश्यक ठरते.

१९८१ मध्ये साकार झालेल्या क्रमवीक्षक सूक्ष्मदर्शकामुळे पृष्ठभागावरील एकेका अणूची प्रतिमा मिळू लागली आणि १९८९ मध्ये झेनॉनचे ३५ अणू हलवून अक्षरे लिहिली गेली. आता अणू ‘दिसला’ असे म्हटले जाते. परंतु ती प्रतिमाही सुईच्या अग्रातून वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या मापनांवरून रचलेला नकाशाच असते. अणुशक्तीच्या बोधचिन्हांवर अद्यापि लंबवर्तुळाकार कक्षा झळकतात. त्या पुसून टाकण्याचे कारण नाही. चिन्ह म्हणून त्यांचे काम चोख चालते. वर्गात मात्र फळ्यावर अशी कक्षा काढताना, ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून प्रथम काढली गेली आणि कोणत्या प्रश्नापुढे ती अपुरी पडली, ह्या दोन गोष्टी तिच्या शेजारी लिहिल्या गेल्या पाहिजेत. तेवढे झाले तर विद्यार्थ्यास अणूबरोबरच विज्ञानाची रीतीही कळेल.